आमचा ढब्बू वयात आला आणि घरात शिमगा सुरू झाला

मीठभाकर
४ सप्टेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. कुत्र्यांवरचे जुने धागे वाचून काढले, पण ते सगळे पिल्लांचे. शी-शूची सवय, दुधाचे दात, रात्रीचं रडणं. ते आमचं फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकलं. माझा प्रश्न त्यापुढचा आहे.

ढब्बू देशी आहे, नर, आता नऊ महिन्यांचा. फेब्रुवारीत पाषाणला एका बांधकामावर वॉचमनच्या खोलीमागे सापडला. जूनपर्यंत इतका गुणी की सोसायटीतल्या बायका विचारायच्या, कुठल्या क्लासला घातलंय? 'बस' म्हटलं की बसायचा, हाक मारली की कान मागे पाडून धावत यायचा.

जुलैपासून मात्र रातोरात कुणी कुत्रा बदलून नेलाय असं वाटतंय. हाक मारली की थांबतो, वळून माझ्याकडे बघतो (म्हणजे ऐकू नीट येतंय!) आणि पुन्हा आपल्या वाटेने निघतो. स्कूटर दिसली की पट्ट्याच्या टोकाला दोन पायांवर उभा राहून भुंकतो. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या अंगावर उड्या मारतो. त्या ७३ वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सोफ्याची एक बाजू फाडून आतला स्पंज हॉलभर केला. आणि गेल्या रविवारी नवऱ्याची कोल्हापुरी घेऊन डायनिंग टेबलाखाली बसला, नवऱ्याने ती काढायला हात घातला तर गुरगुरला. दात दाखवून. चावला नाही, पण तेव्हापासून नवरा म्हणतोय, ह्याला मित्राच्या शेतावर सोडू, तिथे मोकळा राहील.

मला त्याला कुठेही सोडायचं नाहीये. पण काल संध्याकाळी त्याने तिसऱ्यांदा हाताला हिसका दिला तेव्हा मी त्याला जिन्यातच बांधलं आणि पायरीवर बसून रडले. तो शेजारी बसून माझा कान चाटत होता, तेही सांगते. काय चुकतंय आमचं?

तिरफळ
४ सप्टेंबर, रात्री ११:५८

आमच्याकडे पंधरा वर्षांचे चिरंजीव आहेत. हाक मारली की वळून बघतात आणि आपल्या वाटेने निघतात. कोल्हापुरीच्या जागी मोबाईल, बाकी सगळं हेच. अदलाबदल करायची का?

(हलके घ्या. आमचीही सात महिन्यांची लॅब्रेडॉर आहे, म्हणून पाट मांडून बसलोय धाग्यावर.)

रानजाई
५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

मीठभाकर, आधी एक घोट चहा घ्या. तिरफळने चेष्टेत लिहिलंय तेच खरं उत्तर आहे. ढब्बू वयात आलाय. साधारण सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत हे चालतं, मोठ्या अंगाच्या जातींमध्ये दोन वर्षंही जातात. ४२ पक्के दात येऊन बसलेले असतात, अंग मोठ्याचं झालेलं असतं, आणि मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग अजून कच्चा असतो.

इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या न्यूकॅसल, नॉटिंगहॅम आणि एडिंबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी यावर २०२० मध्ये निबंध छापला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवली जाणारी कुत्री घेतली होती. त्यातल्या ६९ कुत्र्यांना पाचव्या महिन्यात आणि आठव्या महिन्यात 'बस' सांगून बघितलं. आठव्या महिन्यात ती सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकायला लागली. गंमत म्हणजे परक्या माणसाने सांगितलं तर तसं झालं नाही! म्हणजे तुमचा ढब्बू सोसायटीच्या वॉचमनचं ऐकत असेल आणि तुमचं नाही, तर मनाला लावून घेऊ नका. आईला उलटून बोलणारी पोरं शेजारच्या काकूंशी 'हो काकू' करतातच की.

आता कामाचं. या वयात नवीन शिकवण्यापेक्षा जे नको ते घडूच न देणं जास्त महत्त्वाचं. प्रत्येक वेळी स्कूटरवर भुंकला आणि स्कूटर निघून गेली की त्याच्या लेखी त्याने ती पळवून लावली. रोज दहा वेळा हा विजय मिळत असेल तर तो का सोडेल? तसंच चपलेचं. दारातला चपलांचा ढीग आजच कपाटात जाऊ द्या. हॉलला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावा. सोफा एकट्याच्या ताब्यात द्यायचाच नाही. तुम्हाला वाटेल ही हार झाली. पण घरात नुकतं चालायला लागलेलं मूल असताना आपण पेटती समई खाली ठेवतो का?

चपलेवरून गुरगुरला त्याबद्दल. त्या गुरगुरण्यावर त्याला ओरडू नका, मारू तर नकाच. गुरगुरणं हा भोंगा आहे. भोंगा बंद केला की पुढच्या वेळी न सांगता दात लागतील. त्याऐवजी सौदा शिकवा. तोंडात चप्पल नसताना सुरुवात करायची. त्याला जुना चेंडू द्या, मग उकडलेल्या चिकनचा तुकडा दोन हात लांब टाका. चेंडू सोडून तिकडे गेला की चेंडू उचला आणि लगेच त्याला परत द्या. हा परत देण्याचा भाग सगळे विसरतात. माणूस जवळ आला की वस्तू जाते, हे त्याच्या डोक्यात बसलंय. माणूस जवळ आला की चिकन येतं आणि वस्तूही राहते, हे बसायला हवं.

आणि दोन दिवस एक वही ठेवा. घरातला कोण, कुठल्या शब्दात, त्याला काय सांगतो, ते लिहा. मला एक शंका आहे.

सातारी_अण्णा
५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सगळं वाचलं. आमच्या वाड्यात चाळीस वर्षं कुत्री होती. चिकनचे तुकडे कुणी मोजले नाहीत. कुत्रं गुरगुरलं की एक रट्टा, दुसऱ्यांदा गुरगुरायचं नाही. ताई, तुमच्या घरात मालक कोण हेच त्याला कळलेलं नाही. कळपाचा म्होरक्या तुम्ही व्हा. आधी तुम्ही जेवा, मग त्याला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर, मग तो. लाडाने बिघडलंय.

कोरा_चहा
५ सप्टेंबर, सकाळी १०:०५

अण्णा, तुमचा अनुभव नाकारत नाही, पण म्होरक्याची गोष्ट जिथून आली तिथेच ती मोडीत निघालीये. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून ते लिहिलं. एकमेकांशी नातं नसलेली जनावरं एका कुंपणात कोंडली तर ती भांडणारच. डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० च्या आपल्या पुस्तकात 'अल्फा', म्हणजे म्होरक्या, हा शब्द पुढे नेला आणि जगभर झाला. नंतर त्याच मेकने कॅनडात उघड्यावरचे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं. म्होरक्या म्हणजे बापच. शिवाय आपला ढब्बू लांडगाही नाही.

आणि तुमच्या वाड्यातलं कुत्रं दिवसभर मोकळं होतं. त्याला रट्ट्याने शिस्त लागली की मोकळीकीने, हे कसं ठरवणार?

सातारी_अण्णा
५ सप्टेंबर, सकाळी ११:२०

मोकळीकीचं म्हणणं पटतं. पहाटे शेतावर जायचं ते दिवेलागणीला यायचं, घरात मस्ती करायला जोरच उरायचा नाही. म्होरक्याचं नाही पटलं. पण एक कबूल करतो. आमचा एक होता, काळ्या. वडिलांनी त्याला लहानपणी फार बडवला. तो वडिलांवर कधी गुरगुरला नाही. धाकट्या चुलत भावाच्या गालाला मात्र न भुंकता चावला. चार टाके. हे मी आजवर लाडानेच बिघडलं म्हणत आलो.

रानजाई
५ सप्टेंबर, दुपारी १२:०२

अण्णा, हे लिहिलंत त्याबद्दल तुम्हाला नमस्कार.

गुरांचा_डॉक्टर
५ सप्टेंबर, रात्री ९:४५

व्यवसायाने पशुवैद्य आहे, गाई-म्हशींत जास्त असतो, पण कुत्री टळत नाहीत. धाग्यावर बसून तपासणी होत नाही, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांकडे नेऊन या. अचानक चिडका झालेला कुत्रा दुखऱ्या कानाचा, पोट बिघडलेला किंवा लंगडणारा असू शकतो. पावसाळ्यात कान सडणं आणि गोचीड ही रोजची गोष्ट आहे. कानाला हात लावल्यावर मान झटकतो का बघा.

दुसरं, महिना कुठला चाललाय? भाद्रपद! आपल्या म्हणी उगाच नाहीत. गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक वर्षातून एकदाच, याच सुमाराला माजावर येतात. त्यांचा वास वाऱ्यावर दूरपर्यंत जातो. नऊ महिन्यांच्या नराला तो पहिल्यांदाच कळतोय. त्यात हाक कुठली ऐकू येणार? तुमचा ढब्बूही अशाच भाद्रपदाचा प्रसाद असावा. दोन महिने गाभण, थंडीत जन्म, फेब्रुवारीत दोन महिन्यांचा. हिशोब बरोबर बसतोय. या महिन्यात त्याला कुठेही मोकळा सोडू नका.

नसबंदीबद्दल विचारणार असालच. भटकणं, जागोजागी टांग वर करणं, चढणं हे तिने बऱ्यापैकी कमी होतं. पण स्कूटरवरचं भुंकणं भीतीतून असेल तर नसबंदीने जाईलच असं नाही, काहींमध्ये भीती वाढतेही. वयाचंही बघावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर काम केलं, त्यात वर्षाच्या आत नसबंदी केलेल्यांमध्ये सांध्यांचे त्रास जास्त दिसले. तुमचा देशी, अंगाने हलका, त्याचं गणित वेगळं. डॉक्टरांशी बसून ठरवा, पण 'ऑपरेशन केलं की गुणी होईल' या आशेवर करू नका.

@तिरफळ, तुमची सात महिन्यांची पहिल्यांदा माजावर येईल तेव्हा साधारण तीन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नाही. आणि माज संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी ती खेळणी गोळा करून त्यांच्यावर बसायला लागली, गुरगुरायला लागली, तर घाबरू नका. खोटी गर्भधारणा असते ती. मला नाही, तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

रेबीजची लस वर्षाची झाली की पुन्हा घ्यायची. आणि कुणालाही, घरच्यालाही, दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद नको, चुना नको.

मीठभाकर
७ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरकडे जाऊन आले. डावा कान खरंच लाल होता, आत चिकट काळपट घाण. थेंब दिलेत. इतके दिवस कानामागे खाजवलं की गुरगुरतो म्हणून आम्ही त्याला उर्मट म्हणत होतो.

आता वही. रानजाई, तुमची शंका काय होती माहीत नाही, पण मला वहीत जे दिसलं त्याने हसावं की रडावं कळेना. खाली बसण्यासाठी नवरा म्हणतो 'सिट'. मी म्हणते 'बस'. लेक म्हणते 'बैस ढब्बूड्या'. आणि आई त्याने उड्या मारल्या की म्हणतात, 'बस, बस, बस झालं रे बाबा, बस!' म्हणजे पुरे. तो बिचारा उडी मारतोय, वरून 'बस' ऐकतोय, आणि उडी मारली की आई दोन्ही हातांनी त्याला धरतायत. शनिवारी एका दिवसात मी ३१ वेळा 'बस' मोजलं. त्यातल्या सहाच वेळा तो बसावा असं कुणाला वाटत होतं.

आणि 'ये'! हा शब्द आम्ही कधी वापरतो? पट्टा लावायला, आंघोळीला, नखं कापायला, आणि बागेतला खेळ संपवून घरी न्यायला. मी त्याच्या जागी असते तर मीही आले नसते.

रानजाई
७ सप्टेंबर, रात्री १०:५१

हीच शंका होती. :) 'बस' आता घासून गुळगुळीत झालाय, टाकून द्या. नवा शब्द घ्या जो घरात दुसऱ्या कशासाठीही वापरत नाही. 'ये' सुद्धा टाका. नव्या हाकेचा शब्द पहिले दोन आठवडे फक्त घरात, आणि दर वेळी खाऊ. आला की खाऊ देऊन पुन्हा सोडून द्यायचा. दहातल्या नऊ वेळा परत सोडायचा.

मीठभाकर
७ सप्टेंबर, रात्री ११:१०

आईंना विचारलं, कुठला शब्द घेऊ. त्या म्हणाल्या, 'त्यात काय विचारायचंय? आमच्याकडे भाकरी टाकताना काय म्हणायचो? यू यू यू!' त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. स्वयंपाकघरातून त्यांनी एकदाच ते म्हटलं आणि ढब्बू, ज्याने आयुष्यात तो आवाज ऐकला नव्हता, टेबलाखालून डोकं काढून बघायला लागला.

कासरा
८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे कारवानी कुत्री असतात. दिसल्या हालचालीमागे धावणारं जनावर, ससा दिसला की बाप आठवत नाही. अशा कुत्र्याला वर्षाचं होईपर्यंत हाकेवर कसं आणतो ते सांगतो.

माझं नावच औषध आहे. बैलाचा सुती कासरा घ्या, दहा मीटरचा. बाजारात नायलॉनचा मिळतो तो नको, हात भाजतो. गळपट्ट्याला कधीच बांधायचा नाही, पळत्या जनावराला टोकाशी हिसका बसला तर मान जाते. छातीच्या पट्ट्याला, पाठीवरच्या कडीत बांधायचा. मोकळ्या रानात नेऊन कासरा जमिनीवर सोडून द्यायचा. ओढायचं नाही. तो हुंगत फिरेल, मधेच आपणहून मागे वळून बघेल. त्या बघण्याला खाऊ द्यायचा, हाक न मारता. चार-पाच दिवसांत तो दर पंधरा पावलांना बघायला लागतो. मग हाक घालायची. तो बघतच असताना, म्हणजे येणारच असताना. ऐकणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारायचीच नाही, मुकाट्याने कासऱ्यावरून चालत जाऊन त्याला आणायचं. हाक वाया गेली की शब्द मरतो.

अंगठ्याला कासऱ्याचा वेढा घेऊ नका. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्यात गेलंय.

राईनकाठ
८ सप्टेंबर, दुपारी ३:१५

जर्मनीतून. आमच्याकडे दहा महिन्यांचा मेंढपाळ जातीचा आहे. इथे काट्यांचे गळपट्टे शिकवणीसाठी वापरायला २०२२ च्या जानेवारीपासून कायद्यानेच बंदी आहे. हे सांगायचं कारण, पुण्यात भाऊ राहतो, त्याच्या कुत्र्याला एका शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी साखळीचा फास घातला. कुत्र्याने दुसऱ्या कुत्र्याकडे बघितलं की फास आवळायचा. महिन्याभरात त्याचं भुंकणं थांबलं. आणि दुसरं कुत्रं दिसलं की तो मुतायला लागला. मीठभाकर, शिकवणारा शोधाल तेव्हा एकच विचारा: त्याचं चुकलं तर तुम्ही काय करता?

स्कूटरचं आम्ही सायकलींवर केलं (इथे सायकलींचा सुकाळ). रस्त्यापासून इतकं लांब उभं राहायचं की सायकल दिसते पण तो भुंकत नाही. आमचं ते अंतर चाळीस पावलं निघालं. सायकल दिसली की तुकडा, दिसेनाशी झाली की तुकडा बंद. त्याने तुकडा घेतला नाही म्हणजे आपण फार जवळ आलो, मागे सरका. आठवड्याला पाच पावलं पुढे. कंटाळवाणं आहे, पण पाचव्या आठवड्यात सायकल दिसल्यावर त्याने भुंकायच्या ऐवजी माझ्या खिशाकडे बघितलं!

उशिरा_उमगलं
८ सप्टेंबर, रात्री ११:५५

नेहमी वाचनमात्र असते, आज लिहिते. आमची चिमी अकरा महिन्यांची असताना आम्ही तिला नाशिकजवळ एका फार्महाऊसवर दिलं. कारणं हीच. चपला, उड्या, शेजाऱ्यांच्या मुलावर गुरगुरली. 'तिथे मोकळी राहील' हे वाक्य शब्दशः माझ्या नवऱ्याचं. मोकळी राहिली नाही. दिवसभर साखळी, रात्री सोडायचे. दुसऱ्या महिन्यात रात्रीची रस्त्यावर गेली. ट्रक.

तुमच्या मित्राचं शेत वेगळं असेल. पण द्यायच्या आधी एकदा रात्री तिथे मुक्काम करा आणि बघा कुत्रं कुठे झोपतं.

मीठभाकर
९ सप्टेंबर, सकाळी ६:२०

हे नवऱ्याला वाचायला दिलं. काही बोलला नाही. ऑफिसला जाताना चपलांच्या कपाटाला कडी लावून गेला.

आखीव_रेखीव
१० सप्टेंबर, दुपारी १:४०

सोसायटीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे (शिव्या खातो). पाळीव कुत्र्यांना सरसकट बंदी किंवा लिफ्टला मनाई सोसायटीला करता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच ते कळवलंय. पण दुसरी बाजूही आहे. आपल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. महापालिकेचा परवाना आणि लसीचं कार्ड फाईलला ठेवा.

आणि कृपया, लिफ्टमध्ये कोणी असेल तर पुढच्या फेरीला जा. या वयाच्या कुत्र्याला चार बाय चारच्या डब्यात परका माणूस अंगावर आलेला नकोच असतो. कायद्याचं सोडा, निम्मी भांडणं यानेच मिटतात.

मीठभाकर
२८ सप्टेंबर, रात्री ९:००

तीन आठवड्यांचा हिशोब. रांगेत सांगत नाही, जसं आठवेल तसं.

कान बरा झाला. कानामागे खाजवलं की आता डोळे मिटतो.

उड्यांवर औषध आईंनीच काढलं. खुर्चीत बसायच्या आधी त्या त्याचं पोतं आपल्या खुर्चीपासून दोन हातांवर अंथरतात आणि त्यावर शेंगदाण्याएवढे पोळीचे चार तुकडे टाकतात. तो पोत्यावर गेला की त्या निवांत बसतात. आता तो त्यांची काठी वाजली की आधीच पोत्यावर जाऊन बसलेला असतो. कुणी शिकवलं त्याला? मी नाही.

सोफ्याऐवजी दुपारी इडलीपात्र देते. खळग्यांत त्याचं खाणं, प्रत्येक खळग्यावर एक चेंडू. पंधरा मिनिटं घर शांत, नंतर दोन तास झोप. हे कळायला मला उशीर झाला की तो झोपतच नव्हता! आमच्या लेकीची शाळा, क्लास, मैत्रिणी, दिवसभर घरात वर्दळ. सारखा उठून बघणार. आता दुपारी दोन ते चार माझ्या खोलीत, पडदा ओढून. संध्याकाळी पिसाटल्यासारखा घरभर धावायचा ते निम्म्याने कमी झालंय. मला वाटायचं जोर उतरत नाही म्हणून धावतो, म्हणून मी आणखी फिरवायचे. दमलेलं मूलच जास्त किरकिरतं, एवढं साधं होतं.

स्कूटर: आमचं अंतर पंचवीस पावलं निघालं, ते पंधरावर आलं होतं. एका मिरवणुकीच्या ढोल-ताशानंतर पुन्हा तीस.

चप्पल: परवा त्याने लेकीचा सॉक्स उचलला. नवरा उठला, फ्रिज उघडला. फ्रिजच्या आवाजाला ढब्बू सॉक्स तोंडात घेऊन स्वतःहून नवऱ्यासमोर येऊन उभा राहिला. सौदा!

तिरफळ
२८ सप्टेंबर, रात्री ९:२२

म्हणजे आता तो सौद्यासाठी मुद्दाम सॉक्स उचलेल. लिहून ठेवा.

मीठभाकर
२९ सप्टेंबर, सकाळी ८:०५

उचललाय. आज सकाळी दोन. रानजाई, आता?

रानजाई
२९ सप्टेंबर, सकाळी ८:४०

उचलू दे. गुरगुरत टेबलाखाली बसण्यापेक्षा वसुलीला येणारा बरा. सॉक्सचा डबा वर ठेवा आणि त्याला आणायला चालेल अशी एक वस्तू द्या, जुनं पायपुसणं वगैरे. धंदाच करायचाय तर माल आपला असावा.

मीठभाकर
२५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

दिवाळी वाईट गेली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो बाथरूममध्ये बादलीमागे थरथरत बसला, पाडव्याला फिरायला न्यायला गेले तर जिन्यातच बसकण. काल एका काकांनी प्रेमाने वाकून डोक्यावर हात ठेवला, तर त्यांच्या बाहीला धरलं. कापडच, कातडी नाही. काका सज्जन निघाले, पण माझे पाय लटपटले. एवढं सगळं केलेलं पाण्यात गेलं का?

गुरांचा_डॉक्टर
२६ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

नाही गेलं. चार रात्रींची भीती अंगात असताना वरून हात आला, तो त्याला फटाक्यासारखाच वाटला असणार. आठवडाभर सगळी शिकवणी बंद. फिरणं फक्त पहाटे, गर्दी नसताना, त्याला हुंगायचं तेवढं हुंगू द्या. अनोळखी हात डोक्यावर येऊ द्यायचा नाही, तुम्ही मधे उभ्या राहा आणि 'दुरूनच बोला' म्हणा. संकोच नको. पिंजऱ्यासारखी तोंडजाळी मिळते, ज्यात तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं. तिच्यात खाऊ ठेवून हळूहळू सवय लावा, शिक्षा म्हणून घालू नका. पुढच्या दिवाळीआधी महिनाभर आपल्या डॉक्टरांना भेटा, भीतीवर औषधं असतात. उगाच सोसायला लावू नये.

मीठभाकर
११ जानेवारी, रात्री १०:२०

धागा वर काढते. ढब्बू तेरा महिन्यांचा झाला. नसबंदी केली नाहीये, मार्चमध्ये करायची ठरलीये. रस्त्यातल्या प्रत्येक खांबाला अजून सलामी देतो. स्कूटर आठ पावलांवर चालते, पण ती सुरू होताना खाकरली तर नाही चालत. तोंडजाळी लिफ्टमध्ये असते, ती पिशवीतून बाहेर काढली की आत खाऊ असतो हे कळल्यामुळे आता स्वतःच तोंड घालतो.

काल वेताळ टेकडीवर कासऱ्यावर होता. समोरून लांडोर गेली. कासरा माझ्या हातात नव्हता, जमिनीवर घसरत चालला होता. मी मुळीच हाक मारणार नव्हते, कासरादादांचा नियम. पण तोंडून निघून गेलं, 'यू यू यू!' अगदी आईंच्या चालीवर. तो पुढे सहा-सात पावलं गेला, थांबला, वळून बघितलं. तेच जुलैतलं बघणं. आणि मग आला. खिशात होतं नव्हतं ते सगळं त्याला दिलं, माझा गुळपापडीचा डबासुद्धा.

नवऱ्याने नवी कोल्हापुरी आणलीये. अडचण अशी की ढब्बू आता चपलांच्या कपाटाची कडी नाकाने वर उचलून उघडायला शिकलाय. यावर कुणाकडे काही?

तिरफळ
११ जानेवारी, रात्री १०:३१

बाहेरून खिट्टी, पाच फुटांवर. आमच्या चिरंजीवांच्या खाऊच्या कपाटाला लावलीये, सुताराचा नंबर व्यक्तिगत निरोपाने पाठवतो.